बहिणीची सही



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला बोलायची संधी एकदाच मिळते. पुढच्या वर्षी तो माजी होतो, आणि माजी अध्यक्षाला समई लावायला बोलावतात, बोलायला नाही. तेव्हा जे आहे ते आजच बोलून घेते. जयपुरात मराठी माणूस व्यासपीठावर चढला की त्याने सवाई जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक आणि दरबारचे ज्योतिषी सम्राट जगन्नाथ यांची नावे घ्यावीत, जयपूर घराण्याचे गाणे अल्लादियाखाँसाहेबांबरोबर कोल्हापुरात कसे रुजले ते सांगावे, आणि १७५१ च्या जानेवारीत याच शहरात मराठ्यांची कत्तल का झाली हे मात्र सोयीस्करपणे विसरावे, असा आपला रिवाज आहे. तो सकाळच्या सत्रात यथासांग पार पडला. मला बोलायचे आहे ते शेतजमिनीतल्या बहिणीच्या वाट्याबद्दल. निवडणुकीच्या दिवसांत काही सन्मित्रांनी असा प्रचार केला होता की ही बाई निवडून आली तर साहित्याच्या मांडवात तलाठ्याचे दप्तर उघडेल. त्यांचा अंदाज अगदी बरोबर होता.

या राज्यात एक प्रथा आहे, तिला हकत्याग म्हणतात. बाप वारला की पटवारी वारसांचे नामांतरण करतो. विधवा, मुलगे, मुली, सगळ्यांची नावे जमाबंदीत, म्हणजे इथल्या उताऱ्यात, चढतात, कारण कायदाच तसा आहे. मग तेराव्याचा मांडव उतरतो न उतरतो तोच बहिणींना तहसिलीत नेले जाते आणि आपला वाटा भावांच्या नावे सोडल्याच्या दस्तावर त्यांची सही किंवा अंगठा घेतला जातो. मोबदला शून्य. बहिणीने राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय हक्क सोडला, असे त्यात लिहिलेले असते. २०२१ च्या रक्षाबंधनाला कोटा जिल्ह्यातल्या दीगोद तहसिलीच्या तहसीलदाराने तर प्रसिद्धिपत्रकच काढले: बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडून सण संस्मरणीय करावा. वारसांची नावे नोंदवण्याचा पगार घेणारा माणूस वारसांना नावे काढून घ्यायला सांगत होता, तेही राखीचा मुहूर्त साधून. त्यावर ओरड झाली हे खरे, पण ओरड झाली ती पत्रकावर. प्रथेवर नाही. तहसीलदाराचा गुन्हा इतकाच की जे सगळे करतात ते त्याने छापले.

महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींनी हसू नये. आपल्याकडे यालाच हक्कसोडपत्र म्हणतात आणि आपले सरकार ते अत्यंत माफक दरात उपलब्ध करून देते. वडिलोपार्जित मिळकतीतला वाटा बहिणीने भावाला सोडला तर मुद्रांक शुल्क वर्षानुवर्षे २०० रुपये होते. २०२४ मध्ये ते ५०० झाले. तीच जमीन तिने भावाला विकायची म्हटली तर बाजारमूल्यावर टक्क्यांनी शुल्क पडते. म्हणजे फुकट देण्याला सवलत, पैसे घेण्याला दंड. बाईच्या नावावर खरेदी झाली तर महाराष्ट्रात मुद्रांकात एक टक्क्याची सूट आहे, पण ती राहत्या घराला, वावराला नाही. त्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्याच सरकारने बहीण लाडकी असल्याचे जाहीर करून तिला महिना १५०० रुपये सुरू केले. माझा त्या १५०० ला विरोध नाही. ज्या घरात ते पोचले तिथे त्यांचे मोल काय, ते मला कोणी शिकवू नये. पण सरकार जिला तिजोरीतून ओवाळणी घालते, तिचे सातबाऱ्यावरचे नाव ५०० रुपयांत खोडूनही देते, या दोन गोष्टी एका दमात सांगायला कोणी तयार नाही, म्हणून मी सांगते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण इथे बसलेल्या वकीलमंडळींना ती पाठ आहे आणि बाकीच्यांना ती सोयीने आठवत नाही. १९५५ च्या राजस्थान कूळ कायद्याचे ४० वे कलम म्हणते की खातेदार मृत्युपत्र न करता वारला तर त्याची जमीन त्याच्या वैयक्तिक कायद्याने वारसांकडे जाईल. उत्तर प्रदेशाच्या महसूल संहितेने २००६ सालीसुद्धा लग्न झालेल्या मुलीला मुलाच्या मागच्या रांगेत उभे केले. राजस्थानच्या कायद्याने तसे केलेले नाही. हिंदू कुटुंबापुरते बोलायचे तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी वारस आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मतः सहहिस्सा महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवून. सगळ्या देशासाठी तो ९ सप्टेंबर २००५ ला आला. बाप त्या दिवशी हयात होता की नव्हता यावरून पुढे पंधरा वर्षे भाऊ कोर्टात भांडत राहिले, तो वाद ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपवला, आणि तोंडी वाटणी झाल्याच्या कहाण्या सहजासहजी ऐकून घेणार नाही असेही बजावले. एक मोठे भगदाड तेवढे उरले आहे. १९५६ च्या कायद्याच्या कलम २(२) मुळे अनुसूचित जमाती त्याच्या बाहेर आहेत, आणि या जयपूर-दौसा पट्ट्यातल्या मीणा समाजाच्या, आपल्याकडच्या भिल्ल, गोंड, कोरकू समाजांच्या मुली रूढीच्या स्वाधीन आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला याचा विचार करा म्हणून सुचवले. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने समतेच्या तत्त्वावर बाईच्या वारसांना वाटा दिला. केंद्राने राजपत्रात एक अधिसूचना काढली तर हे भगदाड बुजते. तशी तरतूद त्याच कलमात आहे. अधिसूचना निघत नाही. तेवढे सोडले तर कायदा मुलीच्या बाजूने आहे. तो जिथे संपतो तिथे बहिणीची सही सुरू होते.

या सहीची किंमत मोजून पाहू. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शेतकऱ्यांमध्ये ३ कोटी ६० लाख स्त्रिया होत्या आणि शेतमजुरांमध्ये ६ कोटींहून अधिक. खेड्यात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तिघी आजही शेतीत राबतात. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीदारांमध्ये स्त्रिया किती? १४ टक्क्यांच्या आत, आणि त्यांच्याकडचे क्षेत्र १२ टक्क्यांच्याही आत. यावर कोणीतरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा कागद पुढे करतो: २०१९-२१ मध्ये ४३ टक्के स्त्रियांनी आपल्या नावे घर किंवा जमीन असल्याचे सांगितले. पण त्या आकड्यात घर आणि जमीन एकत्र, एकटीची मालकी आणि सामाईक मालकी एकत्र, आणि सांगणारीने सांगितले ते धरलेले. बँकेचा अधिकारी किसान क्रेडिट कार्ड देताना बाईला विचारत नाही की तुम्हाला जमीन आपली वाटते का. तो उतारा मागतो. पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपये उताऱ्यावर, पिकाची नुकसानभरपाई उताऱ्यावर, सोसायटीचे सभासदत्व उताऱ्यावर. नवऱ्याने आत्महत्या केली तर तोही शेतकरी होता की नव्हता हे उताऱ्यावरच ठरते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ विधवांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणींच्या नावे त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. नवरा कर्ज ठेवून गेला, रान सासऱ्याच्या नावावर राहिले. आणखी एक पाहणी मला इथे महत्त्वाची वाटते. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. घर नाही आणि जमीनही नाही अशा विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के. शिक्षण, उत्पन्न यांचा फरक हिशेबात धरल्यावरही मालकीचा परिणाम उरला. कारण उघड आहे. जिला उठून जायला जागा आहे, तिच्यावर हात उगारताना नवरा विचार करतो.

आता आक्षेप. सगळ्यात आवडता आक्षेप तुकड्यांचा: बहिणींना वाटे दिले तर जमिनीच्या चिंध्या होतील. हा आक्षेप घेणाऱ्यांनी जुनी कृषी गणना उघडावी. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी वहिती ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ उरली. राजस्थानात ५.४६ ची २.७३ झाली. या पंचेचाळीस वर्षांत बहिणींनी किती वाटे उचलले? जवळपास नाहीच. मग चिंध्या केल्या कोणी? चार भावांनी बांध घातले तेव्हा कोणाला शेतीशास्त्र आठवले नाही. पाचवी बहीण आली की सगळे तुकडेबंदीचे तज्ज्ञ होतात. शिवाय साधा हिशेब आहे. ज्या घरातून बहिणीचा वाटा जाईल, त्याच घरात सुनेचा वाटा येईल. एकूण घरांची संख्या त्याने वाढत नाही, वाढते ती बायकांची पत. तिचे रान दुसऱ्या गावात असेल, तिला कसता येणार नाही, असे म्हणाल तर भावाने ते खंडाने करावे आणि खंड तिच्या हातात ठेवावा. महाराष्ट्रात आणि राजस्थानात निम्मी वस्ती दुसऱ्याचे रान वाट्याने, बंटाईने करण्यात वाकबगार आहे. ते कसब बहिणीच्या रानापाशीच का आटते ते कळत नाही.

दुसरा आक्षेप असा की जमीन परक्या घरात जाते. १९५६ च्या कायद्यात याचे उत्तर आहे आणि ते बहुतेकांनी वाचलेले नाही. बाईला आईबापांकडून आलेली मिळकत, ती निपुत्रिक वारली तर, नवऱ्याकडे जात नाही. बापाच्या वारसांकडे परत येते. आणि वारसांपैकी एकाला आपला हिस्सा विकायचा असेल तर कलम २२ प्रमाणे तो आधी घ्यायचा अधिकार इतर वारसांचा आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बाबूराम विरुद्ध संतोखसिंह या खटल्यात सांगितले. म्हणजे बहीण विकायला निघाली तर पहिला ग्राहक भाऊच. फक्त पैसे मोजावे लागतील. सगळे दुखणे तिथे आहे.

तिसरा आक्षेप हुंड्याचा. तिच्या लग्नात खर्च झाला, तोच तिचा वाटा. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे हे बाजूला ठेवू. पण हिशेबच करायचा तर पुरता करावा. भावाचे शिक्षण, त्याच्या नोकरीसाठी कोणाला काय दिले, त्याचे लग्न, यांपैकी एकही खर्च त्याच्या वाट्यातून वळता झालेला माझ्या वाचनात नाही. लग्नात दिलेले भांडेकुंडे, गाडी, रोकड सासरच्यांच्या ताब्यात जाते आणि झिजते, रान वाढते. या राज्यात नागौरकडे बहिणीच्या मुलांच्या लग्नात भाऊ मायरा भरतात, त्याचे कोटींचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, लोक ट्रॅक्टरवरून मिरवत जातात. भाऊ प्रसन्न होऊन देतो तेव्हा हात सैल सुटतो. तोच पैसा बहिणीने हक्काचा म्हणून मागितला की ती भांडकुदळ ठरते. आपली भाऊबीज याहून फार वेगळी नाही, रक्कम लहान इतकेच. आणि ज्यांचे म्हणणे आहे की आता शेती परवडतच नाही, त्या रानात काय ठेवले आहे, त्यांना माझे एकच म्हणणे: मग द्या. परवडत नाही तिथे एवढी घट्ट मूठ कशाला? समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरमध्ये ज्यांच्या जमिनी गेल्या, दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गात दौशाकडे ज्यांच्या गेल्या, त्यांना विचारा की न परवडणाऱ्या रानाचा उतारा भूसंपादनाच्या दिवशी काय भावाने जातो.

इथे थोडे विषयांतर करते; अध्यक्षाला एक माफ असते. मुलीला जमीन देणे हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या परंपरेत ते बसत नाही, असे सांगणारे विद्वान या मांडवात आहेत आणि त्यांतले दोघेतिघे संस्कृतचे प्राध्यापक आहेत, म्हणून जास्त वाईट वाटते. नीलकंठ भट्ट हे पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातले, शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. सतराव्या शतकात नीलकंठांनी लिहिलेला व्यवहारमयूख हा हिंदू कायद्याचा ग्रंथ गुजरातेत, मुंबई बेटावर, उत्तर कोकणात मिताक्षरा या जुन्या प्रमाणग्रंथाहून वरचढ मानला गेला, आणि उरलेल्या महाराष्ट्रात तिच्या जोडीने. या मुंबई संप्रदायात मुलगा नसलेल्या बापाची मिळकत मुलीकडे आली की ती पूर्ण मालकीने येत असे; बंगालच्या आणि मद्रासच्या मुलीला ती हयातीपुरतीच मिळे. सख्ख्या बहिणीला मयूखाने आजीच्या पाठोपाठ वारस धरले, जिथे इतर संप्रदायांनी तिला दारातही उभे केले नव्हते. पुरेसे नव्हते, मुलगा असला की मुलगी बाहेरच होती, हे मीही जाणते. पण देशात बायकांच्या मालकीचे सगळ्यात उदार हिंदू शास्त्र मराठी मुलखात चालत होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे आहे? पां. वा. काण्यांनी १९२६ मध्ये मयूखाची आवृत्ती काढली. त्याची सटीप, स्वस्त मराठी आवृत्ती प्रत्येक विधी महाविद्यालयात आणि प्रत्येक मराठी मंडळाच्या कपाटात असावी, ही माझी जुनी मागणी आहे आणि मी ती मरेपर्यंत करणार आहे. त्याच कपाटात डॉ. गोपाळराव देशमुखांचे चरित्रही असावे. मुंबईच्या पेडर रोडला त्यांचे नाव आहे, पण तिथून जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे की हिंदू विधवेला मिळकतीत वाटा देणारा १९३७ चा कायदा त्यांनी आणला? त्या विधेयकाचा कायदा होईपर्यंत मुलगी त्यातून गळाली. उरला तो विधवेचा हयातीपुरता हक्क. आणि १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला की प्रांतांतल्या शेतजमिनीला तो लागूच नाही, कारण शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय. बंगला मिळेल, वावर मिळणार नाही. मुलीच्या वाट्यावरून पुढे हिंदू कोड बिलाचे काय झाले आणि बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद का सोडले, ते आपण दरवर्षी भाषणात सांगतो. गावच्या उताऱ्यावर मात्र आणत नाही.

आणि आता संमेलनाचे ठराव निवडणाऱ्या विषय समितीबद्दल. मी गप्प बसेन अशी ज्यांची समजूत होती, त्यांनी पाण्याचा ग्लास जवळ ठेवावा. बहिणीच्या वाट्याचा ठराव या संमेलनापुढे एकदा नव्हे, पुनःपुन्हा आला. दर वेळी विषय समितीने त्यावर एकच शेरा मारला: विषय कौटुंबिक स्वरूपाचा आहे, साहित्य संमेलनाच्या कक्षेत येत नाही. त्याच समितीने त्याच बैठकांत पुण्याहून जयपूरला येणाऱ्या गाडीला जादा डबा जोडण्याचा ठराव साहित्याच्या कक्षेत बसवला. मराठीच्या अभिजात दर्जाचा बसवला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला तो मिळाल्यावर अभिनंदनाचा बसवला. ग्रामीण साहित्यावर परिसंवाद आपण जेवणानंतर घेतो, माहेरच्या कवितांना सकाळचे सत्र देतो, भाऊबहिणीच्या ओव्यांनी डोळे पुसतो. त्या बहिणीची सही कोणी घेतली हे विचारले की विषय कौटुंबिक होतो. पानिपतावर एक पिढी गेली, ती पुढच्या दहा वर्षांत माधवराव पेशव्यांनी भरून काढली. या एका शेऱ्याने मराठी विचाराचे जे नुकसान केले ते भरून काढायला माधवराव कुठून आणायचा? काही जणांना हे अतिशयोक्त वाटेल. वाटू द्या. शेरा मारणाऱ्यांची अक्षरे मी ओळखते, नावे घेत नाही. त्यांतल्या एकांनी स्त्रीवादी समीक्षेवर ग्रंथ लिहिला आहे आणि त्याला पुरस्कारही मिळाला आहे. बिनव्याजी पुण्य मिळवण्याची ही उत्तम रीत. विषय समितीत ज्या दोन भगिनींनी या शेऱ्याला भिन्नमत नोंदवले, आणि इथल्या ज्या कार्यकर्त्यांनी या भाषणाचा विषय बदलावा म्हणून आलेले निरोप माझ्यापर्यंत पोचूच दिले नाहीत, त्यांचे मात्र ऋण आहे.

हे साहित्यिकांना जमले नाही, पण शेतकऱ्यांना जमले होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, लाखोंनी बायका आल्या. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्ती मांडली. नवऱ्याने आपल्या रानातला तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात शंभरावर घरांनी असे केले ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातले विटनेर त्यांतले नावाजलेले. फेरफाराच्या अडचणी आल्या, तेव्हा १९९२ मध्ये शासनाला परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव लावायची वाट करून द्यावी लागली. यात जमीन बायकोला मिळाली, मुलीला आणि बहिणीला नाही, आणि मिळाली तीही नवऱ्याच्या मर्जीने, असा आक्षेप घेता येईल. मी आज तो घेणार नाही. शेकडो गावांत ज्यांनी सातबारा उघडायला लावला, त्यांच्याशी माझे भांडण नाही. ज्यांनी तो कधी उघडलाच नाही त्यांच्याशी आहे.

आता उरला सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो घेणारे सगळेच लबाड नसतात. बहीण स्वतःहून सोडते. तिला भाऊ हवा आहे, रान नको. तुम्ही तिच्या वतीने बोलणारे कोण? याचा विचार नीट केला पाहिजे. पहिली गोष्ट, जो त्याग खरोखर मनाचा असतो तो दोन्ही दिशांनी वाहतो. भावाने बहिणीच्या नावे हकत्याग केल्याचे दस्त निबंधकाच्या कचेरीत किती निघतील? लाखो सह्या एकाच बाजूला पडत असतील तर ती माया नसते, व्यवस्था असते. दुसरी गोष्ट अशी की बहीण मूर्ख नाही. सासरी वाकडे पडले, नवरा गेला, पोरांना घेऊन उठावे लागले तर जायचे कुठे, याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असतो. माहेर हा तिचा एकमेव विमा आहे आणि सही हा त्याचा हप्ता. ती जमीन देत नाही. आपले दार उघडे राहावे म्हणून किंमत मोजते. पण हा विमा कागदावर नसतो. भाऊ वारला, भाचे मोठे झाले की दार कोण उघडणार? हीच जमीन तिच्या नावावर असती तर दाराची गरजच पडली नसती. तिसरी गोष्ट म्हणजे नाही म्हणण्याची किंमत. गावाच्या मर्जीबाहेर गेलेल्या बाईचे काय होते, ते या शहराला मी सांगायला नको. बस्सी तहसिलीतल्या भटेरीच्या साथिन (महिला विकास कार्यक्रमाच्या गावातल्या कार्यकर्त्या) भंवरीदेवींनी १९९२ मध्ये बालविवाह अडवला, त्याचा सूड त्यांच्या देहावर आणि रोजगारावर उगवला गेला, आरोपी खालच्या कोर्टात सुटले, आणि त्यातून निघालेला, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा १९९७ चा विशाखा निकाल सगळ्या देशाच्या नोकरदार स्त्रियांना लाभला. वाटा मागणाऱ्या बहिणीवर हल्ला होईलच असे नाही. तिच्याशी बोलणे बंद होते, लग्नाला बोलावणे येत नाही, मायरा येत नाही. राजस्थानात १९९९ पासून एकल नारी शक्ती संघटन विधवा आणि टाकलेल्या बायकांना याच कोंडीतून बाहेर काढते आहे: चार जणी मिळून पटवाऱ्याकडे जातात, शेतावर एकत्र उभ्या राहतात, दिराला कळते की ही आता एकटी नाही. जिच्यामागे असा घोळका आहे ती नाही म्हणू शकते, आणि जी नाही म्हणू शकते तिच्याच हो म्हणण्याला काही अर्थ आहे.

शेवटी, आपण जयपूरचे, इंदूरचे, बडोद्याचे, हैदराबादचे मराठी; आपला गावच्या वावराशी काय संबंध, असा प्रश्न मला सकाळीच विचारला गेला. संबंध आहे. या सभागृहात बसलेल्या अनेक पुरुषांची नावे सातारा, रत्नागिरी, सांगली, बुलढाण्यातल्या उताऱ्यांवर आजही आहेत. दोन पिढ्या त्यांनी नांगर पाहिलेला नाही. त्यांच्या नावाला गावात कोणी हरकत घेत नाही, कारण लेक कितीही लांब गेला तरी तो घरचा. त्यांची बहीण मात्र शेजारच्या तालुक्यात आहे, रोज दुसऱ्याच्या बांधावर गवत कापते, आणि ती लांबची. कसण्यावरून हक्क ठरत असेल तर आधी या सभागृहातली नावे कमी झाली पाहिजेत. रक्तावरून ठरत असेल तर तिचे नाव आत आले पाहिजे. दोन्ही मापे खिशात ठेवून फिरणे शहाण्या माणसाला शोभत नाही. आणि वारसनोंद करताना तिचे नाव इतर हक्काच्या रकान्यात टाकून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडची जुनी हुशारी, तीही मला ठाऊक आहे.

म्हणून विषय समितीला वळसा घालून, अध्यक्षाच्या अधिकारात मी हा ठराव खुल्या अधिवेशनापुढे ठेवते. महाराष्ट्र आणि राजस्थान सरकारांना आपली मागणी अशी: खातेदाराच्या मृत्यूनंतर सहा महिने कोणतेही हक्कसोडपत्र किंवा हकत्याग नोंदवू नये, दस्तावर सोडलेल्या वाट्याची किंमत इकडे सरकारी डीएलसी दराने आणि तिकडे रेडी रेकनरने आकड्यांत आणि अक्षरांत लिहावी, म्हणजे सही करणारीला कळेल की ती काय देते आहे, निबंधकाने भावांना खोलीबाहेर बसवून तिला एकटीला विचारावे, वारसनोंदीत मुलींची नावे कब्जेदार सदरीच, म्हणजे मालकाच्या रकान्यातच, घ्यावीत. केंद्राने कलम २(२) खालची अधिसूचना, आदिवासी समाजांतल्या स्त्रियांच्या संघटनांशी बोलून, काढावी. आणि या संमेलनाच्या प्रत्येक घटक मंडळाने आपल्या सभासदांच्या गावाकडच्या उताऱ्यांची यादी करून, त्यात बहिणींची नावे कुठे आहेत आणि कुठून कमी झाली, ते पुढच्या अधिवेशनापुढे ठेवावे. सूचक म्हणून माझे नाव लिहिलेले आहे. अनुमोदनाला, ज्यांच्या उताऱ्यावर बहिणीचे नाव आज कब्जेदार सदरी आहे, अशा एका भावाने पुढे यावे. चहा त्यानंतर मिळेल.